कारणाचा रकाना

फॉर्मवर एक रकाना आहे : प्रवाह बंद पडण्याचे कारण.
जागा अर्ध्या ओळीची.
मी माउनच्या नकाशा कचेरीतून आले
पेन्सिलीला टोक काढून.

जुलै. आभाळात ढगाचा ठिपका नाही
आणि पाणी चढतंय.
अंगोलाच्या डोंगरांत जानेवारीत पडलेलं
आत्ता पोचतंय चालत चालत;
कोसाला दोन हातही उतार नाही, घाई कशाची?
समुद्र ठाऊकच नसलेली ही नदी,
वाळूत येते, बोटं पसरते,
सगळं उन्हाला देऊन टाकते.

न्कोरी का आटली, विचारलं.

सारेफो म्हणाला, पाणघोडा.
म्हातारा नर मेला त्या साली,
त्याची रोजची वाट गवतानं गिळली.
त्याची बहीण डिथापेलो टोपलीतून मान वर न करता :
गवत आधीच आलं होतं, वरून तरंगत,
घराएवढा गठ्ठा, वळणावर अडकला.
मास्तर म्हणाले, वाळू हो, वाळू!
तळ दरसाल बोटभर वर, काठ मुळांनी बांधलेले,
प्रवाह रानापेक्षा उंच झाला
आणि एका रात्री माळ्यावरून उतरावा तसा
उतरून गेला पश्चिमेला.
एक पोर म्हणालं, वाळवी.
सगळे हसले.

मी नाही हसले.
वारूळ पुरात डोकं वर ठेवतं,
त्यावर पाखरू बसतं, अंजिराचं बी टाकतं,
झाड पाणी पितं, मीठ मागे ठेवतं,
आणि शंभर वर्षांनी तिथे बेट असतं,
पाण्याला वळसा घालायला लावणारं.

माझ्या संगणकातही एक खोरं आहे.
दोनशे आडव्या, दोनशे उभ्या चौकटी.
प्रत्येकीला आपले आठ शेजारी तेवढे माहीत.
पाण्यानं खालच्या घरात जावं,
वाळूनं मंद पाण्यात बसावं,
गवतानं ओला काठ धरावा.
एवढंच शिकवलं. नदी हा शब्द
कुठेही लिहिला नव्हता.
पहाटे चहा घेऊन आले तर नदी होती.

चाळीस वेळा चालवलं. चाळीस खोरी,
एक दुसऱ्यासारखं नाही, न्कोरी एकातही नाही,
तरी सगळी इथलीच, चुलत भावंडांसारखी
नाकावरून ओळखू येणारी.
मग एका चौकटीत दशांशानंतरचा सातवा आकडा बदलला.
नव्वद वर्षं काहीच झालं नाही.
एक्क्याण्णवाव्या वर्षी पूर्वेची सगळी गावं कोरडी.
साहेब म्हणाले, म्हणजे तुमचं गणित चुकतंय.

तिसऱ्या दिवशी सारेफोनं मला धक्का दाखवला.
लाकडी, मजबूत, सरकारी,
गवताळ माळाच्या मधोमध.
खाली सावलीत शेळ्या.
इथे कसा बांधला? मी म्हटलं.
नकाशात निळी रेघ होती म्हणून.
कुठल्या नकाशात?
तो काठीनं चिखल खरवडत राहिला.
धक्का झाला, मग मोटारबोट आली,
बोटीच्या लाटांनी काठ ढासळले, वाळू उतरली.
मासेवाले लांब गेले, त्यांची गवत कापणी थांबली.
पाणघोडा आवाजाला कंटाळून
मळ्यांकडे वळला. तिथे गोळी.

अकरा वर्षांपूर्वीचा नकाशा.
उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, माझी सही.

आमच्यात कारण आणि निमित्त
असे दोन शब्द असते तर बरं झालं असतं;
फॉर्मवर एकच आहे.
मी लिहिलं, ‘मागे पाहा’.
मागे कोरं होतं.

परतताना सारेफोनं जवळची वाट म्हणून
बोट सरळ पपायरसमध्ये घातली.
काठीनं सारत, कुशीनं रेटत, शिव्या घालत.
मी वळून बघितलं :
गवत आमच्यामागे मिटत होतं.
पूर्ण नाही.